आमच्या वर्षाची ओळ

माजी विद्यार्थिनींच्या माहितीचा फॉर्म मीच तयार केला होता, त्यामुळे तो सगळ्यांत आधी मीच भरला. नाव, सध्याचं गाव, हुद्दा आणि शेवटी मोठा रकाना, ‘उल्लेखनीय कामगिरी’. गणिताची प्राध्यापक म्हणून माझी तीसहून जास्त वर्षं नोकरी झाली, विभागप्रमुख म्हणून निवृत्त झाले, हाताखालून निघालेली मुलं आज कुठं कुठं आहेत. पण त्या रकान्यात मी पहिलं वाक्य लिहिलं ते असं : शालान्त परीक्षेत शाळेत प्रथम. साठी उलटलेल्या बाईनं दहावीचा निकाल सांगत फिरावं, यात हसण्यासारखं आहे हे मला कळतं. तरीही लिहिलं.

शाळा मिशनची. आम्ही शुक्रवार पेठेतले लिंगायत. घरात कानडी, दुकानात मराठी, आणि पोरीला घातलं ख्रिस्ती बायकांच्या शाळेत. आजी म्हणायची, बाटवतील पोरीला. वडील म्हणायचे, बाटवू देत, निदान वेळेवर उठेल तरी. शाळेनं मला बाटवलं नाही आणि वेळेवर उठायलाही शिकवलं नाही, पण बाकी जे काही मला येतं ते तिथलंच आहे.

त्या शाळेच्या हॉलमध्ये एक लाकडी फळा होता. काळ्या रंगावर पिवळ्या अक्षरांत, दर वर्षी दहावीला पहिल्या आलेल्या मुलीचं नाव. एका वर्षाला एक ओळ. निकाल लागला की पेंटर यायचा, आणि लगेचच्या रविवारी त्या नावासाठी उपकारस्तुतीची, म्हणजे देवाचे आभार मानायची, प्रार्थना व्हायची. प्रार्थना झालेल्या ओळीवर पुन्हा ब्रश फिरवायचा नाही, असा शाळेचा दंडक होता. तो कुणी घातला कुणास ठाऊक, पण पाळायचे सगळे. आमच्या आधीच्या वर्षाच्या मुलीचं आडनाव जागा पुरली नाही म्हणून अर्ध्यावरच संपलं होतं. पेंटरची चूक सोमवारी लक्षात आली आणि तोवर प्रार्थना होऊन गेली होती. ती बिचारी आज डोळ्यांची नावाजलेली डॉक्टर आहे, पण फळ्यावर शेवटपर्यंत अर्धीच राहिली.

गेल्या वर्षी त्या फळ्याला वाळवी लागली. आताच्या मुख्याध्यापिका मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या आहेत, कामाला वाघ. त्यांनी ठरवलं की आता लाकूड नको, ग्रॅनाइटच बसवू. सगळी जुनी नावं दगडावर कोरायची, माजी विद्यार्थिनींचा मेळावा घ्यायचा, एकेका वर्षाची ओळ मोठ्यानं वाचायची आणि ती बाई हजर असेल तर तिनं उभं राहायचं. सोबत एक स्मरणिका, सगळ्यांच्या कामगिरीची. कोरणारा कारागीर त्यांच्या ओळखीचा होता. थडग्यांवरची नावंही तोच कोरतो, हे त्यांनी मला अगदी सहज सांगितलं आणि स्मरणिकेचं काम माझ्या गळ्यात घातलं.

फॉर्म यायला लागले. माणूस स्वतःबद्दल लिहायला बसला की कसा उघडा पडतो, ते मी महिनाभर बघत होते. एकीनं तीन पानं जोडली, त्यात नवऱ्याच्या बढत्याही होत्या. एक पोलिसात मोठ्या हुद्द्यावर पोचली होती, तिनं फक्त ‘नोकरी’ एवढंच लिहिलं. एकीनं ‘गृहिणी’ लिहून खोडलं होतं आणि पुढं ‘काही नाही’ असं लिहिलं होतं. ती आमच्याच वर्गातली. मी तिला फोन करून चांगली झापली. अंथरुणाला खिळलेल्या सासूचं नऊ वर्षं केलंस, दोन पोरी इंजिनीअर केल्यास, आणि काही नाही कसं? ती म्हणाली, अगं, रकान्यावर ‘उल्लेखनीय’ लिहिलंय तूच.

आमच्या वर्गातला एकच फॉर्म येईना. तो माझ्या बाकावर शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीचा. तिची आई आमच्या शाळेत कामाला होती. झाडणं, पुसणं, घंटा देणं. आम्ही सगळ्या त्यांना मावशी म्हणायचो. बौद्ध कुटुंब, घरात तिघं भावंडं, वडील लवकर गेलेले. ती अभ्यासात माझ्यापेक्षा हुशार होती. हे मी आज मोठ्या मनानं लिहितेय असं नाही, तेव्हाही मला ते माहीत होतं आणि खुपायचंही. भूमिती मला तिनं शिकवली. डब्यातली चटणी बोटानं उचलायची आणि त्याच बोटानं बाकावर त्रिकोण काढायची.

दहावीनंतर ती नर्सिंगला गेली आणि कुर्डुवाडीला रेल्वेच्या दवाखान्यात लागली. तिथंच निवृत्त झाली, तिथंच घर बांधलं. आमची भेट लग्नाकार्यात, फोन नवीन वर्षाला. मी तिला फॉर्मचं विचारलं तर म्हणाली, “काय लिहू? इंजेक्शनं दिली, एवढंच लिहू का?” मी म्हटलं, तेच लिही, पण पाठव. बघते म्हणाली. दोनदा बघते म्हणाली. मेळाव्याला येणार का, तर तेही बघते.

मला राग आला. माझा राग नाकावरच असतो. पण त्या रागाखाली दुसरंच काहीतरी होतं. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते. ते आता सांगूनच टाकते.

निकाल जूनमध्ये लागला तेव्हा मी पहिली होते आणि ती दुसरी. फरक एका गुणाचा. फळा रंगला, प्रार्थना झाली, वडिलांनी अख्ख्या पेठेत पेढे वाटले. तिनं मात्र गणिताच्या पेपरसाठी गुणपडताळणीचा अर्ज केला होता. ऑगस्टमध्ये मी कसल्याशा दाखल्यासाठी शाळेत गेले, तर मोठ्या बाईंनी, म्हणजे तेव्हाच्या मुख्याध्यापिकांनी, मला खोलीत बोलावलं. टेबलावर बोर्डाचं पत्र होतं. तिच्या एका उत्तराचे गुण बेरजेत धरायचेच राहिले होते. तीन गुण वाढले होते. म्हणजे ती माझ्या पुढं, दोन गुणांनी.

मोठ्या बाई कडक होत्या, पण त्या दिवशी त्यांनी मला एखाद्या मोठ्या माणसाला विचारावं तसं विचारलं, “फळ्याचं काय करू या? तू सांग.”

मी म्हणाले, “प्रार्थना झालीय ना, बाई.”

त्यांनी माझ्याकडं जरा वेळ पाहिलं. मग “हो, झालीय,” म्हणाल्या आणि पत्र घडी घालून ठेवलं. ख्रिस्ती प्रार्थनेवर माझी इतकी श्रद्धा त्याआधी कधी नव्हती आणि त्यानंतरही कधी बसली नाही.

पुढं मी स्वतःची समजूत घातली. तिचं काय गेलं? गुण तिचे तिला मिळाले, नोकरी मिळाली. फळ्यावरची रंगाची एक ओळ, त्यात काय एवढं? मात्र तीच ओळ मी आयुष्यभर मिरवली. सासरी सांगितली, पोरांना नेऊन दाखवली, नातीला तर फळ्यापुढं उभं करून फोटो काढला. त्यात काही एवढं नव्हतं तर मी हे सगळं कशाला केलं असतं?

फोननं काम होईना तेव्हा मी सकाळची गाडी धरून कुर्डुवाडीला गेले. तिनं दार उघडलं, हसली, आत नेलं. घर स्वच्छ, दवाखान्यातली शिस्त अजून हातात. खिडकीशी कॉटवर मावशी बसल्या होत्या. नव्वदीला आलेल्या, दिसायचं कमी झालेलं, पण आवाज तोच, घंटेनंतर पोरींना वर्गात हाकलणारा.

“कोन गं?” त्यांनी विचारलं. मी नाव सांगितलं. “पेटंतली व्हय? ये, बस. कवा हाय तुमचा कार्यक्रम? मी येनार हाय. हिला सांगून ऱ्हायले, तर ही ऐकंना.”

“तुम्हाला कसं कळलं, मावशी?”

“फोनवर बोलत हुतीस की तू. माजं कान अजून शाबूत हायेत. नावं मोट्यानं वाचनार म्हनं. मग हिचं नाव वाचत्याल तवा मला म्होरं बसवा. लई दिस झालं बगून.”

मला नीट उलगडा होईना. मी मैत्रिणीकडं पाहिलं. ती कडक भाकरी आणि दही पुढं ठेवत होती, तिनं वर पाहिलंच नाही. खाणं झालं तशी ती म्हणाली, “चल, दळण आणायचंय, माझ्याबरोबर ये.” पाहुणी आलेल्या निवृत्त प्राध्यापकाला दळण आणायला नेतेय, असं मी मनात म्हटलं. पण तिला मावशींच्या कानांपासून लांब जायचं होतं, ते चक्कीपाशी पोचल्यावर कळलं. गिरणीचा आवाज एवढा की तिला माझ्या कानाशी येऊन बोलावं लागत होतं.

“आईला वाटतं, फळ्यावर माझं नाव आहे,” ती म्हणाली.

ऑगस्टमध्ये मोठ्या बाईंनी नवं गुणपत्रक मावशींच्याच हाती घरी पाठवलं होतं. तुझी मुलगी पहिली आली, असं तोंडानं सांगितलंही होतं. मावशींना वाचता येत नव्हतं. त्यांनी घरी येऊन लेकीला विचारलं, पहिली आलीस तर मग फळ्यावर नाव हाय का न्हाय?

“खरं सांगितलं असतं तर ती तशीच बाईंच्या खोलीत जाऊन भांडली असती. तिचा स्वभाव तुला माहीत आहे. नोकरी गेली असती तर? धाकटे दोघं शिकत होते. मी म्हटलं, आहे की नाव, बाईंनी बदलून घेतलं. त्या अर्ध्या ओळीच्या खालची ओळ माझी.”

“मग?”

“मग काय, रोज सकाळी फळा पुसायचं काम तिचंच होतं. खाली नवी नावं आली तरी ती अर्ध्या ओळीची खूण धरून बरोबर तिथं यायची. त्या ओळीवर दोनदा फडकं फिरवायची आणि संध्याकाळी मला सांगायची, आज तुजं नाव चकाचक केलं. निवृत्त होईपर्यंत.”

पीठ पडत होतं, चक्कीवाला डबा हलवत होता. माझं नाव त्या बाईनं इतकी वर्षं लेकीचं समजून पुसलं होतं. मी इतकंच म्हणाले, “तू मला कधीच काही म्हणाली नाहीस.”

“तू तरी कुठं म्हणालीस?” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. “जाऊ दे. तुझं नाव काढू नको, दगडावर तेच येऊ दे. माझं त्यावाचून काही अडलं नाही. फक्त वाचू नका म्हणावं. ती येणारच, कुणाच्या बापाचं ऐकायची नाही. आणि तिथं त्या ओळीवर तुझं नाव ऐकलं तर या वयात मी तिला काय सांगू? तेवढं तुझ्या हातात आहे ना?”

मी म्हटलं, आहे.

परतीच्या गाडीत मला हलकं वाटलं, खोटं कशाला बोलू. जिचा हक्क होता तिनंच सोडला होता. वाचन रद्द करायचं, एवढंच काम. दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळेला मी मॅडमकडं गेले आणि म्हटलं, ते नावं वाचायचं राहू द्या, कार्यक्रम लांबतो, म्हाताऱ्या बायका ताटकळतात. त्या लगेच कबूल झाल्या. इतक्या लगेच, की मला आल्या पावली निघायची वेळ आली.

“आणि तुमचं नाव काय, सगळ्यांना माहीतच आहे,” त्या हसून म्हणाल्या. चांगल्या मनानंच म्हणाल्या.

मी दारापर्यंत गेले आणि परत आले. खुर्चीवर बसून सगळं सांगितलं. बोर्डाचं पत्र, मोठ्या बाईंचा प्रश्न, माझं उत्तर, मावशींचं फडकं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं बोलता बोलता वाटत होतं, पण तोंड थांबेना.

मॅडमनी शिपायाला सांगून जुनं निकालाचं रजिस्टर काढायला लावलं. आमच्या वर्षाचं पान निघालं. मोठ्या बाईंचं वळणदार अक्षर. तिच्या गणिताचे गुण लाल शाईनं दुरुस्त केलेले, बेरीज दुरुस्त, आणि क्रमांकाच्या रकान्यात तिच्यापुढं एक, माझ्यापुढं दोन. खाली सही. म्हणजे बाईंनी रजिस्टरमध्ये चूक ठेवली नव्हती. फळ्यावरची त्यांनी माझ्यावर सोपवली होती.

“पण मॅडम, त्या ओळीसाठी प्रार्थना झालेली आहे,” मी म्हटलं. शेवटचं म्हणून.

“प्रार्थना पहिल्या आलेल्या मुलीसाठी होती ना?” त्या म्हणाल्या. “मग ती मुलगी कोण, ते देवाला माहीत होतं. पेंटरला नव्हतं.” आणि त्यांनी कारागिराला फोन लावला. तो आमच्या वर्षापर्यंत अजून पोचला नव्हता. त्यांनी मला विचारलं, तुमचं नाव शेजारी लहान अक्षरांत घालू का? माझ्या मनात क्षणभर हो आलं, हे कबूल करते. मी म्हटलं, नको, एका वर्षाला एकच ओळ.

मुलाला पुण्याला फोन करून सांगितलं तर तो म्हणाला, आई, आता या वयात काय गरज होती? नातीनं मात्र विचारलं, मग त्या फोटोचं काय? मी म्हटलं, फोटो राहू दे, चूक कशी दिसते ते कळेल. स्मरणिकेसाठीचा माझा फॉर्म काढला आणि पहिलं वाक्य खोडलं. रकाना रिकामा दिसायला लागला, तर त्यात ‘गणित शिकवलं’ एवढं लिहिलं.

मग मैत्रिणीला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “मग वाचू दे म्हणावं.” आणि थोड्या वेळानं, “आईला साडी कुठली नेसवू गं?”

मेळाव्याला हॉल भरला होता. डोळ्यांची डॉक्टर आली होती, तिचं आडनाव पहिल्यांदाच पूर्ण झालं होतं आणि ती त्याचा फोटो सगळ्यांना दाखवत होती. मावशी पुढच्या रांगेत, निळ्या काठाची पांढरी साडी, हातात काठी. मी त्यांच्या उजवीकडं, ती डावीकडं. मॅडम एकेक वर्ष वाचत होत्या, बायका उभ्या राहत होत्या, टाळ्या होत होत्या. आमचं वर्ष आलं. तिचं नाव वाचलं गेलं. ती पदर सावरत उभी राहिली. मागं आमच्या वर्गातल्या बायकांची कुजबुज सुरू झाली, दोघीचौघी वाकून माझ्याकडं बघायला लागल्या. मी टाळ्या वाजवत राहिले. मावशींना काहीच नवल वाटलं नाही. हजेरीत आपल्या पोरीचं नाव यावं आणि मान हलवावी, तशी त्यांनी मान हलवली.

वाचन संपल्यावर त्या म्हणाल्या, “मला जवळ न्या.” आम्ही दोघींनी दोन बाजूंनी धरून त्यांना दगडापाशी नेलं. लेकीनं त्यांचा हात धरून त्या ओळीवर ठेवला. धूळ नव्हतीच, तरी त्यांनी आधी पदरानं ओळ पुसली, दोनदा. मग कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

“झ्याक झालंय,” म्हणाल्या. मग माझ्याकडं तोंड वळवून त्यांनी विचारलं, “आन् तुजं कुटं हाय गं?”

मैत्रिणीनं माझ्याकडं पाहिलं. काहीतरी बोलून ती वेळ मारून नेणार होती, मला ते कळलं. मी तिला हातानं थांबवलं.

“माझं नाही, मावशी,” मी म्हटलं. “मी दुसरी आले होते.”

हे वाक्य मी तोवर कुणाहीपुढं उच्चारलं नव्हतं. मावशींनी चाचपत माझा गाल शोधला आणि त्याच हातानं कुरवाळला. “आसू दे,” त्या म्हणाल्या. “दुसरी म्हंजे बी काय कमी हाय व्हय? तू बी हुशारच हुतीस की. वाईट नको वाटून घिऊस.”

मला रडू आवरेना. पहिला नंबर गेला म्हणून रडतेय असं त्यांना वाटलं, आणि माइकवरून सगळ्यांना जागेवर बसायला सांगेपर्यंत त्या माझी समजूत घालत राहिल्या.